अंतिम मालिकेचे तिकीट विकते कोण?

छापील किमतीपेक्षा चढ्या दराने तिकीट पुन्हा विकण्यावर बंदी घालण्याचे ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आणि अमेरिकेतल्या क्रीडारसिकांनी लगेच विचारायला सुरुवात केली, मग आमच्याकडे कधी? प्रश्न रास्त आहे. दर जूनमध्ये बास्केटबॉलच्या एनबीए लीगची अंतिम मालिका आली की सर्वांत स्वस्त आसनासाठीही महिन्याच्या घरभाड्याएवढे पैसे मोजल्याच्या बातम्या येतात आणि शिव्या दलालांना पडतात. पण नेमक्या या मालिकेच्या बाबतीत दराला मर्यादा घालणे हा दिसायला न्याय्य आणि प्रत्यक्षात फसवा उपाय ठरेल. किंमत जास्त आहे यापेक्षा मोठी अडचण अशी, की सामान्य प्रेक्षकासाठी विक्रीला किती आसने होती हे कोणीच सांगत नाही. मर्यादा घातल्याने हा अंधार तसाच राहील आणि पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाईल.

२०२५ ची मालिका घ्या. ३१ मे रोजी इंडियाना पेसर्सने न्यूयॉर्क निक्सला बाद केले आणि ओक्लाहोमा सिटीच्या संघाशी त्यांची अंतिम जोडी ठरली. ५ जूनला ओक्लाहोमा सिटीत पहिला सामना झाला, ११ जूनला तिसरा सामना इंडियानापोलिसला आला. तिथल्या सभागृहात साधारण सतरा हजार आसने आहेत. पेसर्स त्याआधी अंतिम फेरीत खेळले होते ते २००० साली, म्हणजे पाव शतकाची भूक आणि हाती दहा-बारा दिवस. या काळात ‘तिकीट विक्री सुरू’ अशी पाटी लागते खरी, पण आसनांचा मोठा हिस्सा कधीच गेलेला असतो. सीझन तिकीटधारकांचा त्यावर पहिला हक्क असतो. मग प्रायोजक, आलिशान कक्षांचे भाडेकरू, लीगचे पाहुणे, खेळाडूंचे कुटुंबीय. उरलेसुरले खिडकीवर, म्हणजे आता अ‍ॅपवर येते आणि मिनिटांत संपते. बाहेरून तिकीट शोधणारा माणूस बहुतेक वेळा संघाकडून काही विकत घेतच नाही, तो दुसऱ्या प्रेक्षकाकडून घेत असतो. हा दुसरा प्रेक्षक म्हणजे चित्रपटातला काळाबाजारवाला नव्हे. त्याने घरच्या मैदानावरच्या ४१ साखळी सामन्यांचे पैसे आगाऊ भरलेले असतात आणि त्यांत जानेवारीतल्या थंडीत तळाच्या संघाविरुद्धचे, कोणी फुकटही न बघणारे सामने असतात. अंतिम मालिकेचे एक तिकीट विकून वर्षाचा खर्च भरून काढायचा, हे त्याचे गणित. छापील दराची सक्ती पहिल्यांदा त्याच्यावर पडेल.

त्यातही या मालिकेचे तिकीट ही विचित्र वस्तू आहे, आणि मर्यादावाल्यांच्या बोलण्यात ही गोष्ट येतच नाही. चार विजय मिळवणारा विजेता, म्हणून पाचवा, सहावा आणि सातवा सामना ‘गरज पडल्यास’. तिकीट मात्र आधीच विकले जाते आणि सामना झालाच नाही तर पैसे परत मिळतात. १६ जूनला पाचवा सामना जिंकून ओक्लाहोमा सिटीने ३-२ अशी आघाडी घेतली तेव्हा सातव्या सामन्याचे तिकीट बाळगणारा माणूस कशाचा मालक होता? पेसर्स पुढचा सामना जिंकतील या शक्यतेचा. १९ जूनला पेसर्स १०८-९१ असे जिंकले आणि त्या शक्यतेचे तीन दिवसांत खऱ्या आसनात रूपांतर झाले. २२ जूनला ओक्लाहोमा सिटीने घरच्या मैदानावर १०३-९१ असा विजय मिळवून करंडक उचलला. अशा वस्तूची ‘मूळ किंमत’ संघाने आधीच ठरवलेली असते, बाजारभाव मात्र प्रत्येक निकालानिशी वरखाली होतो, कधी एखाद्या खेळाडूच्या लंगडण्यानेसुद्धा. खालीही होतो, हे विसरले जाते. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू स्वीटिंग यांनी २०१२ मध्ये बेसबॉलच्या पुनर्विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सामना जवळ येईल तसतसे विक्रेते दर ४० टक्के किंवा त्याहूनही अधिक उतरवताना दिसले, कारण सामना सुरू झाला की न विकलेले तिकीट कवडीमोलाचे. साखळीतल्या बेसबॉलचा नियम निर्णायक सामन्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. तरी घाबरून पहिल्याच दिवशी घेणारा सर्वांत महाग घेतो, ही शंका त्यातून बळावते.

मग लोकांचा राग खोटा का? नाही, आणि तो का नाही हे अ‍ॅलन क्रुगर यांच्याइतके नीट कोणी मांडलेले नाही. प्रिन्स्टनचे हे अर्थशास्त्रज्ञ पुढे ओबामांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्ष झाले. जानेवारी २००१ मध्ये ते अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलसाठी टँपाला गेले आणि प्रेक्षकांना प्रश्न विचारत फिरले. तिकिटाचा छापील दर ३२५ डॉलरपासून होता आणि बाहेर त्याच्या कितीतरी पट भाव चालू होता. लीगने स्वतःच दर वाढवला तर ते योग्य होईल का, असे विचारल्यावर बहुसंख्यांनी ते अन्यायाचे ठरवले. खरी गंमत सोडतीत तिकीट लागलेल्यांची. तुम्हाला तिकीट लागले नसते तर ३,००० डॉलर देऊन घेतले असते का? बहुतेक म्हणाले, छे. मग आता कोणी ३,००० दिले तर विकाल? त्याच लोकांचे उत्तर पुन्हा छे. पाठ्यपुस्तकातल्या ग्राहकाला हे शोभत नाही, पण माणसे अशीच वागतात. क्रुगर यांचा निष्कर्ष असा, की लीगला बाजारभाव ठाऊक असतो, तरी प्रेक्षकाशी असलेले दीर्घ नाते तुटू नये म्हणून ती दर मुद्दाम खाली ठेवते. त्यांच्याही आधी, १९८६ मध्ये, कानमन, नेच आणि थेलर या तिघांनी टोरांटो आणि व्हँकूव्हरमधल्या लोकांना विचारले होते की मागणी फार वाढलेल्या सामन्याची तिकिटे कशी वाटावीत. ६८ टक्क्यांनी रांगेला पसंती दिली, २८ टक्क्यांनी सोडतीला. लिलाव सर्वांत न्याय्य म्हणणारे १०० त जेमतेम चार निघाले. अर्थशास्त्राचा पदवीधर ज्या उत्तराने सुरुवात करतो, ते लोकांच्या यादीत शेवटी! पण २००१ आणि आज यांत एक फरक पडला आहे, आणि माझ्या मते तो निर्णायक आहे. एनबीएचे संघ आता दर खाली ठेवण्याचे नाटकही फारसे करत नाहीत. फेरीगणिक छापील किंमतच चढते. पुनर्विक्रीला छापील किमतीची मर्यादा घाला, संघ छापील किंमतच बाजारभावाला नेऊन भिडवेल. सीझन तिकीटधारकाचा नफा मालकाकडे जाईल आणि गॅलरीत तेच चेहरे बसतील.

आणि हे नुसते तर्काचे बोलणे नाही, न्यूयॉर्कने ते करून पाहिले आहे. तिथे पुनर्विक्रीच्या दरावर अनेक दशके कायद्याची मर्यादा होती. १९९९ मध्ये राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांच्या कार्यालयाने चौकशी केली तेव्हा मर्यादेच्या छायेत फोफावलेली लाच उघड झाली. तिकीट खिडकीवरच्या माणसाला चांगल्या आसनांसाठी चिरीमिरी द्यायची, धंद्यातल्या भाषेत ‘आइस’. दर कागदावर खाली होता, फरक टेबलाखालून जात होता. २००७ मध्ये मर्यादा उठली. २०१६ मध्ये त्याच कार्यालयाने पुन्हा तपास केला. या वेळी आढळले की गाजलेल्या मैफिलींची सरासरी ५४ टक्के तिकिटे सर्वसामान्य विक्रीआधीच आतल्या लोकांसाठी आणि खास गटांसाठी बाजूला काढली जातात. दलालांचे बॉट, म्हणजे आपोआप तिकिटे उचलणारे प्रोग्राम, होतेच. निक्सच्या घरी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, यू-टूच्या एका कार्यक्रमाची १,०१२ तिकिटे एकाच बॉटने एका मिनिटात उचलली होती. मर्यादा असताना आणि नसतानाही एक गोष्ट कायम राहिली: रांगेत उभ्या माणसाला पुढे किती तिकिटे शिल्लक आहेत हे कळत नव्हते.

इथे आक्षेप येईल की हे सगळे दलालांच्या पथ्यावर पडणारे बोलणे आहे. दलालांचा पुळका मला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिकिटे विकणारी टिकेटमास्टर आणि तिची पालक कंपनी लाइव्ह नेशन यांच्यावर खटला भरला. पाच दलालांनी मिळून ६,३४५ खाती चालवली आणि अडीच लाखांच्या आसपास तिकिटे जमवली, कंपनीला ते ठाऊक होते आणि तिने डोळेझाक केली, असा आरोप आहे. कारण उघड आहे: तेच तिकीट दोनदा विकले गेले की शुल्कही पुन्हा मिळते. आरोप न्यायालयात टिकतील की नाही ते पुढे दिसेल. पण बॉटविरोधी कायदा २०१६ पासून अस्तित्वात आहे आणि त्याखालची पहिली कारवाई व्हायला २०२१ उजाडले. असलेला कायदा कपाटात ठेवून नवा मागण्यात अर्थ नाही. उलट मे २०२५ पासून सर्व शुल्क धरूनच किंमत दाखवण्याची सक्ती आली, ती साधी आणि उपयोगी आहे, कारण तिने किंमत ठरवली नाही, फक्त उघडी केली. आपल्याकडे २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत झालेल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमाची तिकिटे ज्या व्हायागोगोवर अव्वाच्या सव्वा भावाने झळकली, ती आणि एनबीएची तिकिटे विकणारी स्टबहब एकाच कंपनीच्या. त्या वेळी जनहित याचिका फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयाने हा धोरणाचा विषय असल्याचे म्हटले. धोरण करणाऱ्यांनी न्यूयॉर्कची फाइल आधी वाचलेली बरी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसती आकडेवारी उघड करून शाळामास्तराला तिकीट मिळेल का? मिळणार नाही. म्हणून उघडपणाच्या जोडीला एक छोटा, राखीव वाटा हवा. प्रत्येक अंतिम सामन्याची काही शे आसने ठरावीक माफक दरात, सोडतीने. ती दुसऱ्याला विकता येणार नाहीत, नको असतील तर संघाकडे परत. लोकांची पहिली पसंती रांगेला असली तरी फोनवरच्या रांगेत बॉट जिंकतो, त्यामुळे प्रामाणिक मार्ग सोडतीचाच उरतो. काही सेकंदांनी बदलणारा बारकोड आता फोनवर असतो, तेव्हा तांत्रिक सबब चालणार नाही. न्यूयॉर्कसारख्या राज्यांत तिकीट दुसऱ्याला देण्याच्या हक्काला कायद्याचे संरक्षण आहे ही अडचण खरी, पण बाजारभावाहून स्वस्त दिलेल्या मूठभर आसनांना अपवाद करणे विधिमंडळाला जड नाही. क्रुगर यांना दिसलेला प्रेक्षक, ३,००० ला न घेणारा आणि ३,००० ला न विकणारा, अशाच तिकिटावर आत येतो. उघडपणाचे म्हणाल तर सुपर बोलमध्ये दोन्ही अंतिम संघांना प्रत्येकी १७.५ टक्के तिकिटे जातात हे सूत्र जगजाहीर आहे. त्यात सामान्य माणसाच्या वाट्याला फारसे येत नाही, हेही त्यामुळेच कळते. एनबीएनेही मालिकेच्या आदल्या दिवशी सभागृहातली एकूण आसने, राखीव आसने आणि खुल्या विक्रीला आलेली आसने असे तीन आकडे जाहीर करावेत. त्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज नाही.