खाकीविरुद्धचा अर्ज

6 जानेवारी 2013 रोजी धुळ्याच्या मच्छीबाजार भागात एका खाणावळीच्या बिलावरून भांडण लागलं, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. दगडफेकीत पोलीसही मोठ्या संख्येने जखमी झाले. त्यानंतर लोकांनी मोबाइलवर घेतलेल्या चित्रफिती बाहेर आल्या. वर्दीतली माणसं गाड्या फोडताना, सामान उचलून नेताना त्यांत स्पष्ट दिसत होती. पुढे त्याच आधारावर सहा पोलिसांना अटक झाली. गोळीबार योग्य होता की नव्हता, हा प्रश्न मात्र चौकशी आयोगाकडे गेला. ज्या कृत्यांचा पुरावा लोकांच्या हातात होता, त्यांची दखल आधी घेतली गेली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या घटनेतूनच निघतं. अशी तक्रार ठाण्याच्या चार भिंतींत सोडून दिली तर ती तिथेच जिरते. लेखी, तारखेसह, पुराव्यासह आणि मुदतीत ती बाहेर नेली तरच टिकते.

खानदेशात सर्वसाधारण अनुभव असा की माणूस ठाण्यात जातो, साहेबांना तोंडी सांगतो, ‘बघतो’ असं उत्तर ऐकून परततो. या भेटीची नोंद कुठेच उरत नाही. म्हणून पहिली गोष्ट कागदाची. अर्जात ठाण्याचं नाव, तारीख, वेळ, घडलेला प्रकार आणि संबंधित पोलिसाचं नाव हवं. नाव माहीत नसेल तर त्याचा बक्कल नंबर किंवा निदान गाडीचा क्रमांक लिहावा. अर्जाची एक प्रत आवक शिक्का मारून परत घ्यावी. ठाण्यात शिक्का मिळत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने जळगावच्या किंवा धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवावा. तक्रारीत दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात 2013 मध्येच सांगितलं आहे. ठाण्याने नकार दिला तर मजकूर अधीक्षकांना लेखी पाठवण्याचा आणि तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आखून दिलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांतल्या आदिवासी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 4 प्रमाणे तोंडी दिलेली फिर्याद लिहून ती फिर्यादीला वाचून दाखवणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे आणि ते जाणूनबुजून टाळणं हा गुन्हा आहे.

कोठडीतल्या मारहाणीबाबत सगळ्यात मोलाचा क्षण बहुतेकांच्या हातून निसटतो. अटकेपासून चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. तिथे त्याला विचारलं जातं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? ज्याने मारलं तोच हवालदार दोन हातांवर उभा असतो आणि संध्याकाळी परत त्याच कोठडीत जायचं असतं. भेदरलेला माणूस ‘नाही’ म्हणतो, ते ‘नाही’ कागदावर चढतं आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. म्हणून नातेवाइकांनी त्याआधीच वकील गाठावा. कोठडीतल्या माणसाला, त्याची मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय असतं. तक्रार आहे असं न्यायालयातच सांगावं, वैद्यकीय तपासणी मागावी आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. परमवीरसिंग सैनी प्रकरणात डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर ठेवायला सांगितलं आहे. उशिरा जाग आली की हा पुरावा पुसला गेलेला असतो. मुदती इतरत्रही कडक आहेत. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षात जावं लागतं. अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 ची सहा महिन्यांची अट आडवी येते, आणि सरकारची पूर्वमंजुरी मिळाली तरच ती दोन वर्षांपर्यंत लांबते. लाच मागितली असेल तर देण्याआधीच 1064 वर लाचलुचपत विभागाला कळवावं. नाइलाजाने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्यालाच कायदा संरक्षण देतो.

‘शेवटी चौकशी पोलीसच करणार, मग अर्ज कशाला?’ हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच पोलिसांबाहेरची यंत्रणा निर्माण झाली. प्रकाशसिंग खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून मुंबईत उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं असे विषय त्याच्या कक्षेत येतात. उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ तर जळगाव-धुळ्याचंच खंडपीठ. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आईने दाद मागितल्यावर जुलै 2025 मध्ये याच खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा तिथेही तो कायम राहिला. एका आईला सरकारशी एवढं झगडावं लागतं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण दार बंद नव्हतं, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप पोलिसांच्या बाजूचा: गुंड अशा तक्रारींचं हत्यार करतील, आधीच तासन् तास बंदोबस्तात पिचलेला शिपाई खचेल. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यावर कारवाई करायला कायदा आहेच, आणि खोट्या आरोपातून पोलिसाला सोडवण्याचं कामही नीट चौकशीच करते. मार्च 2021 मध्ये जळगावच्या महिला वसतिगृहात पोलिसांनी महिलांना विवस्त्र नाचायला लावल्याचा आरोप विधानसभेत गाजला. सहा महिला अधिकाऱ्यांच्या समितीला त्यात तथ्य आढळलं नाही, असं तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. ही समिती सरकारने नेमलेली होती. हाच निष्कर्ष सरकारबाहेरच्या, निवृत्त न्यायाधीशांच्या प्राधिकरणाने काढला असता तर वसतिगृहातल्या महिलांच्या आणि जळगावच्या पोलिसांच्या, दोघांच्याही दृष्टीने तो अधिक वजनदार ठरला असता. प्रामाणिक पोलिसाला स्वतंत्र चौकशीची गरज नागरिकापेक्षा कमी नाही.

अडतं ते अंतरावर. सर्वोच्च न्यायालय जिल्हा म्हणालं होतं. महाराष्ट्राच्या कायद्याने ते विभागावर आणून थांबवलं. म्हणजे राज्य प्राधिकरण मुंबईला, आणि खालची पायरी नाशिकला. रावेरच्या शेतमजुराने किंवा साक्रीच्या विधवेने प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून, साक्षीदारांचं भाडं भरून तिथे जायचं, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो मात्र त्यांच्याच गावात बंदोबस्ताला. नासका फ्रीज विकणाऱ्या दुकानदाराविरुद्ध दाद मागायला ग्राहक आयोग जळगावात आहे, धुळ्यातही आहे. मग हाड मोडणाऱ्या पोलिसाविरुद्धच्या सुनावणीसाठी प्राधिकरणाने निदान ठरावीक दिवशी या दोन शहरांत बसायला काय हरकत आहे? ही मागणी जिल्ह्यातल्या आमदारांनी आणि वकील संघांनी सरकारकडे लेखी करायला हवी, आणि तिच्याही प्रतीवर आवक शिक्का घ्यायला हवा.