डार्सीचे कांदेपोहे!

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर आपण मुळशी तालुक्यातच आहोत, हे कुणाच्या लक्षात येतं? शनिवारी सकाळी पौड ओलांडलं, की मात्र मुळशीचा खरा मूड लागतो. धरणाचं पाणी, धुकं, गरमागरम भजी आणि हातात पुस्तक. आणखी काय हवं, बॉस?

या वेळी आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आणलं होतं, तेही चित्रांचं. पुढच्या रविवारी तिचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम. त्यामुळे टेन्शन फुल्ल!

कव्हरवर पिसारा फुलवलेला सोनेरी मोर. थेट पैठणीचा पदरच! मूळ आवृत्ती १८९४ची, लंडनच्या जॉर्ज अॅलन यांनी काढलेली. ‘पीकॉक एडिशन’ या नावानंच ती ओळखली जाते. चित्रकार आयर्लंडचा ह्यू थॉमसन. नाचाचे जलसे, चहापान, घरी आलेले पाहुणे, पत्रवाचन... दीडशेहून जास्त रेखाचित्रं आहेत.

गंमत म्हणजे, यातलं एकही चित्र जेननं पाहिलं नाही. कादंबरी आली १८१३ मध्ये, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती तेव्हा. त्या तीन खंडांत चित्रं नव्हती, लेखिकेचं नावही नव्हतं. १८१७ मध्ये, अवघ्या ४१व्या वर्षी ती गेली. पुढे १८३३ मध्ये बेंटली यांच्या आवृत्तीत चित्रं आली, पण त्यातल्या मुलींच्या अंगावर कपडे १८३०च्या फॅशनचे! थॉमसननं मात्र जुना काळ पुन्हा उभा केला. आज ऑस्टिन म्हटलं की लांब झगे आणि मेणबत्त्या डोळ्यांसमोर येतात, त्यात त्याचा वाटा मोठा. आपल्याकडे नाही का, आजीच्या पिढीला कादंबरीची नायिका म्हटलं की दीनानाथ दलालांच्या कुंचल्यातली स्त्रीच आठवायची? १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू करणारे तेच दलाल.

पण या गोड चित्रांत एक गोष्ट हमखास निसटते. बेनेट कुटुंबात पाच मुली आणि वडिलांमागे इस्टेट जाणार दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे. म्हणजे नाचाचा प्रत्येक जलसा हा खरं तर इंटरव्ह्यूच. पहिल्याच जलशात डार्सी एलिझाबेथला बरी आहे, एवढंच म्हणून उडवून लावतो आणि ते तिच्या कानावर पडतं. वर्षाला दहा हजार पौंडांचं उत्पन्न असलेल्या माणसाचा तो शेरा! हे विसरून चित्रं पाहिली, तर कादंबरी नुसती फॅन्सी ड्रेस पार्टी वाटते.

एलिझाबेथ नेमकी दिसते कशी? जेननं तिच्या डोळ्यांचं कौतुक केलं आणि बाकीचं बरंचसं आपल्यावर सोडलं. मे १८१३ मध्ये ती लंडनला चित्रप्रदर्शन पाहायला गेली होती. एक तसबीर तिला हुबेहूब आपल्या मिसेस बिंग्लीची वाटली, मिसेस डार्सी मात्र सापडेना. बहिणीला तिनं गमतीत लिहिलं, की डार्सीला ती इतकी प्रिय असणार, की तिची तसबीर तो चारचौघांत लावूच देणार नाही.

हा किस्सा ऐकून मैत्रीण हसली. तिचा फोटो मात्र मॅट्रिमोनियल साइटवर कधीच लागलाय. “तिकडेही कुणी ‘बरी आहे’ म्हणत असेल?” तिनं विचारलं. आम्ही गप्प.

मग तिला आठवण करून दिली, की या कादंबरीचं आधीचं नाव होतं ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’. आणि पहिल्या भेटीत चुकतो तो एकटा डार्सी नाही, एलिझाबेथही चुकतेच.

भजी संपली, पाऊस थांबला. पुस्तक बॅगेत टाकत ती म्हणाली, “ठरलं! पोहे आईच करेल. आणि ते मला बघतील, तेव्हा मीही त्यांना नीट बघणार. एकदा नाही, दोनदा!”