समुद्रकाठचा रस्ता सपाट नसतो

आपल्या नागपुरातल्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. "एक जण परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकल चढवतो. दुसरा कोकणात समुद्राच्या काठाकाठाने दिवसभर सायकल चालवतो. जास्त चढ कोणाच्या वाट्याला येतो?" सगळा वर्ग एका सुरात चिखलदऱ्याचं नाव घेतो. समुद्र म्हणजे उंची शून्य, मग काठचा रस्ता सपाटच असणार, हा मुलांचा तर्क. मुलांना हसू नका. अठरा वर्षं भूगोल शिकवून मीही हाच तर्क केला होता, आणि त्याची किंमत माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने मोजली.

दिवाळीच्या सुटीत मी, माझे एक सहशिक्षक आणि माझा मुलगा असे तिघं मांडव्याहून रत्नागिरीकडे निघालो होतो. नागपूरहून रेल्वेने मुंबई, सायकली लगेजच्या डब्यात, आणि भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटीने मांडवा. बेत मीच आखला होता. आम्ही नागपूरहून रामटेकला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर आरामात करतो, म्हणून इथे दिवसाला सत्तर धरले. पहिला दिवस मुरूड, दुसरा हरिहरेश्वर, तिसरा दापोली. कागदावर काय सुंदर दिसत होतं!

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. केळशीच्या पुढे कुठेतरी दुपार कलली आणि मुलगा एका मोरीच्या कठड्यावर बसला. "बाबा, मला नाही होत आता." मी म्हणालो, "अरे, थोडंच तर राहिलं. रामटेकला कसा जातोस मग?" तेवढ्यात एक आजोबा डोक्यावर गवताचा भारा घेऊन आले. आंजर्ल्याला किती राहिलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अजून तीन चढाव आहेत."

किलोमीटर त्यांनी सांगितलेच नाहीत, चढाव सांगितले. त्या मुलखात अंतर मोजायचं खरं माप तेच आहे, हे मला तेव्हा कळलं. दापोलीचा बेत सोडला आणि अंधार पडता पडता आंजर्ल्यात मुक्काम केला. मुलाचे पाय कमी पडले नव्हते, माझं गणित चुकलं होतं. आणि मी ते त्याच्या पायांवर ढकलत होतो.

आता कोकणचा किनारा असा का, ते पाहू. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी आहे. घाटातून उतरणाऱ्या नद्या आखूड, उताराच्या आणि पावसाळ्यात जोरकस. त्यांनी ही पट्टी आडवी चिरत नेली. वर जांभ्या दगडाचे पठार उरले, त्यांना तिकडे सडा म्हणतात. मध्ये खोल दऱ्या. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. हिम वितळलं, पाणी वर आलं आणि नद्यांच्या मुखांत शिरलं. त्याच आजच्या खाड्या. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची, शास्त्रीच्या मुखाशी जयगडची.

रस्ता उत्तर-दक्षिण जातो आणि नद्या पूर्व-पश्चिम. म्हणजे रस्त्याला प्रत्येक नदी, प्रत्येक ओढा आडवा येतो. सड्यावरून खाली उतरा, गाव लागतं, पूल किंवा जेटी लागते, आणि पलीकडे पुन्हा तेवढंच वर. दिवेआगर ते श्रीवर्धन असा एखादा टप्पा बराचसा पाण्याला लगटून जातो. तिथे माणूस खूश होतो आणि उरलेल्या रस्त्याबद्दल भलत्या आशा बाळगतो.

फळ्यावर असं मांडा. परतवाडा ते चिखलदरा, तिसेक किलोमीटरमध्ये सुमारे ७०० मीटर चढ, एकदाच. कोकणात समजा दिवसभरात बारा चढाव आले आणि प्रत्येक ८० मीटरचा. बेरीज ९६० मीटर. दिवसभरात तुम्ही समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या वर गेला नाहीत, तरी चिखलदऱ्यापेक्षा जास्त चढलात! उंची वेगळी आणि चढाईची बेरीज वेगळी. हा फरक मुलांना कळला की समोच्च रेषा फक्त परीक्षेपुरत्या राहत नाहीत. सातवीच्या भूगोलात त्या आहेतच. नकाशावर रस्त्याची रेघ ओढायची आणि ती समोच्च रेषा किती वेळा ओलांडते ते मोजायचं. वर जाताना ओलांडलेल्या तेवढ्याच धरायच्या, हे मात्र सांगायला विसरू नका.

नववी-दहावीचा वर्ग असेल तर विज्ञानाच्या शिक्षकांनाही सोबत घ्या. सायकल, स्वार आणि सामान मिळून वजन ८५ किलो धरू. ८० मीटरचा एक चढाव म्हणजे ८५ × ९.८ × ८०, सुमारे ६६,६०० ज्यूल कार्य. सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटरने जाताना टायर आणि हवा यांचा विरोध ढोबळमानाने १३ न्यूटन असतो. भागाकार करा. एक चढाव बरोबर सपाटीचे पाच किलोमीटर! बारा चढाव म्हणजे साठ किलोमीटर, जे नकाशावर कुठेच दिसत नाहीत. माझे सत्तर किलोमीटर प्रत्यक्षात एकशे तीस होते.

इथे एखादा हुशार विद्यार्थी हात वर करतोच. "सर, पण उतारावर ती ऊर्जा परत मिळते ना?" मिळते, पण हातात फार थोडी राहते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, तिथे बरीच जाते. उरलेली ब्रेकमध्ये जाते, कारण कोकणातला उतार संपतो तो वळणावर, वाडीच्या तोंडाशी, गुरांच्या कळपात नाहीतर सरळ जेटीवर. पुढचा चढ त्या वेगावर मारून न्यावा म्हटलं तर मध्ये गाव उभं.

चढावर वेग किती राहतो, हेही करून घ्या. ८ टक्क्यांचा चढ असेल तर नुसतं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ६७ न्यूटन बल लागतं, त्यात टायरच्या घर्षणाचे पाचेक. साधारण माणूस दीर्घकाळ १०० वॅट देऊ शकतो असं धरलं, तर वेग येतो सेकंदाला १.४ मीटर, म्हणजे ताशी ५ किलोमीटर. हा तर चालण्याचा वेग! म्हणून चढावर सायकल हातात धरून चालण्यात लाज वाटायचं कारण नाही. आम्ही तिघंही चाललो. मुलगा सगळ्यात शेवटी उतरला, हे त्याने लिहायला सांगितलं आहे.

गिअर नेमकं काय करतो, तेही इथेच कळतं. शाळेत येणाऱ्या साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेरीत चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि सायकल पाच मीटर पुढे जाते. ताशी ५ किलोमीटरला पायडल मिनिटाला सोळा-सतराच फेऱ्या फिरणार. एवढ्या संथ फेऱ्यांत प्रत्येक दाबाला अंगाचं सगळं वजन टाकावं लागतं, आणि गुडघे बोलू लागतात. पुढे २८ आणि मागे ३४ दात्यांचा गिअर असेल, तर त्याच वेगाला सुमारे ४८ फेऱ्या. कार्य तेवढंच, पण लहान लहान हप्त्यांत फेडायचं. मुलांना शाळेच्या सायकल स्टँडवर नेऊन दाते मोजायला लावा. हात काळे होतात, पण गुणोत्तर डोक्यात पक्कं बसतं.

पालकांसाठी दोन गोष्टी. चढ दमवतो, पण धोका उतारावर असतो. मागे कॅरियरवर दहा किलो सामान असताना सायकल थांबायला जास्त अंतर घेते. निघण्याआधी ब्रेकचे रबर आणि केबल तपासा. लांब उतारावर सतत दाबून न धरता थोडं दाबणं, थोडं सोडणं शिकवा, आणि वळणाच्या आत नाही, वळणाआधी वेग कमी करायचा हे दहा वेळा सांगा. दुसरी गोष्ट घामाची. आम्ही ४५ अंशांत राहणारी माणसं, ३२ अंशांचं काय ते कौतुक, असं मलाही वाटलं होतं. पण नागपूरच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग थंड होतं. तिकडच्या दमट हवेत तो नुसता गळतो, थंडावा मिळत नाही. तहान लागायची वाट न पाहता पाणी, आणि सोबत मीठ. कोकम सरबत जागोजागी मिळतं, त्यात चिमूटभर मीठ जास्तच घालून घ्या.

नागपुरात डोंगर नाही म्हणून सराव होणार नाही, असं मात्र समजू नका. आपल्या शहरातले डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्या शर्यतीची माहिती देताना आयोजक अंतराशेजारी एकूण चढाईही सांगतात, १ लाख ७० हजार फुटांहून अधिक. मीटरमध्ये रूपांतर करून त्याला एव्हरेस्टच्या उंचीने भागायचं काम वर्गाला द्या.

आमचा सराव आता सेमिनरी हिल्सवर चालतो. चढ छोटा आहे, म्हणून तोच दहा वेळा करायचा, आणि मधल्या उतारावर ब्रेकचा अभ्यास. महिन्यातून एकदा रामटेकच्या गडाचा रस्ता. नोव्हेंबरात पुन्हा जाणार आहोत, आंजर्ल्यापासून पुढे. दापोली, मग उतरून दाभोळ, फेरीने धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळहून फेरीने जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. या वेळी बेत मुलाने आखलाय. त्याच्या वहीत किलोमीटरच्या रकान्याशेजारी चढावांचा रकाना आहे, आणि एकाही दिवशी पंचेचाळीसच्या वर आकडा नाही. फेऱ्यांच्या शेवटच्या वेळा कोणत्या, एवढं विचारून घ्यायचं काम तेवढं त्याने माझ्याकडे ठेवलं आहे.