३१ फेब्रुवारी चालेल का?

मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये जन्मतारीख भरताना २१ फेब्रुवारी २०२३ ऐवजी चुकून ३१ फेब्रुवारी टाकली गेली, तर काय व्हावे? ॲपने ती नाकारावी, असेच आपण म्हणू. पण ॲप लिहिणारा तारखांचे गणित दरवेळी स्वतः मांडत नाही. त्यासाठी प्रणालीत तयार आज्ञासंच असतात. त्यांच्याकडून काम कसे करून घ्यायचे, याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोग्रॅमिंग इंटरफेस. हे नियम सैल असावेत की कडक?

जावा भाषेत १९९७ साली 'कॅलेंडर' हा संच आला. अँड्रॉइडमध्येही तो सुरुवातीपासून आहे. वेगळी सूचना दिली नाही, तर तो सैल वागतो. फेब्रुवारीचे २८ दिवस संपले, ३ उरले, असा हिशेब करून तो निमूटपणे ३ मार्च ही तारीख धरतो. या सैलपणाचा उपयोगही होतो. २० मार्चला नेलेले ग्रंथालयाचे पुस्तक १५ दिवसांनी परत करायचे असेल, तर संचाला '३५ मार्च' सांगावे. उत्तर ४ एप्रिल मिळते. जन्मतारखेच्या बाबतीत मात्र चूक झाकली जाते आणि दाखल्यावर भलतीच तारीख उमटू शकते.

२०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीत नवा संच आला. अँड्रॉइडमध्ये तो २०१७ सालच्या ८.० या आवृत्तीपासून मिळतो. त्याला वर्ष, महिना आणि दिवस यांचे आकडे देऊन ३१ फेब्रुवारी मागितली, की तो तेथेच चूक दाखवतो. ती हाताळण्याची तजवीज ॲपमध्ये नसेल, तर ॲप बंद पडते. कडकपणाची ही किंमत आहे. १५ दिवस मिळवण्यासाठी येथे स्वतंत्र आज्ञा आहे. शिवाय लिहिलेल्या मजकुरातून तारीख वाचण्याच्या तीन पद्धती आहेत. कडक पद्धत ३१ फेब्रुवारी नाकारते, सैल पद्धत ३ मार्च देते आणि मधली पद्धत २८ फेब्रुवारी मानते. कोणती वापरायची, हे ॲप लिहिणाऱ्याने विचारपूर्वक ठरवायचे.

आम्हांला वाटते, माणसाने भरलेली माहिती जेथे आत येते, तेथे नियम कडकच हवेत. कारण चूक सुधारू शकणारा माणूस त्या क्षणी समोर असतो. नंतर तो सापडेलच असे नाही. आतल्या हिशेबात सैलपणा सोयीचा असतो, पण तो मागितल्यावरच मिळावा.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा: ३१ फेब्रुवारी २०२४ ही तारीख दिली, तर तिन्ही पद्धतींची उत्तरे काय येतील?