रबराची गादी घ्यावी, पण कोणती?

घरात नवी गादी घेण्याचा विषय बहुधा दोनदा निघतो. एकदा लग्नाच्या वेळी, आणि पुढे वडीलधाऱ्यांची कंबर धरू लागली म्हणजे. पूर्वी हा प्रश्न अवघड नव्हता. पिंजारी दारात येई, जुना कापूस पिंजून देई, वर आजीने शिवलेली वाकळ पडली की अंथरूण तयार. आता बेळगावच्या किंवा मडगावच्या दुकानात गेले की काथ्या, फोम, स्प्रिंग, लॅटेक्स अशी नावे कानांवर पडतात. त्यांत लॅटेक्सची गादी महागातली. मुलांनी परगावाहून पाठवलेला पैसा किंवा काजूच्या हंगामाची शिल्लक तिच्यात घालायची, तर ती वस्तू काय आहे हे आधी समजून घ्यावे, म्हणून आम्ही हा विषय या पानावर घेतला आहे.

झाडाच्या चिकापासून गादीपर्यंत

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा पांढरा चीक. हे झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकहॅम याने त्याच्या सुमारे ७०,००० बिया इंग्लंडात नेल्या आणि तेथे उगवलेली रोपे सिलोनात व पूर्वेकडील इतर देशांत पोहोचली. आपल्या देशात केरळ हे रबराचे माहेर. आपल्या शेजारी दोडामार्ग तालुक्यातही केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा उभ्या केल्या आहेत. झाड लावल्यावर सुमारे सात वर्षांनी सालीला तिरकी खाच पाडून चीक काढता येतो. हे काम पहाटे करतात, कारण तेव्हा चीक अधिक वाहतो.

या चिकात रबर साधारण एकतृतीयांश असते, बाकी बहुतेक पाणी. वीस किलो रबर हवे असेल तर साठेक किलो चीक गोळा करावा लागतो. खऱ्या रबराची गादी स्वस्त का नसते, याचे एक उत्तर येथे सापडते.

चिकाचा फेस करून त्याची गादी बनवण्याच्या दोन पद्धती आहेत. डनलॉप पद्धत १९२९ पासूनची. तीत फेस साच्यात ओतून उष्णतेने पक्का करतात. ही गादी जड व भरीव होते आणि पुष्कळदा तळाकडे थोडी अधिक घट्ट असते. तलालाय पद्धतीत साचा अर्धवट भरून आतील हवा काढून घेतात, फेस फुगला की तो गोठवतात आणि मग पक्का करतात. तिची छिद्रे एकसारखी असतात, ती थोडी मऊ लागते आणि किमतीने अधिक असते. एक पद्धत चांगली आणि दुसरी वाईट असे नाही. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक डनलॉप पद्धतीचाच माल असतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे.

"शंभर टक्के लॅटेक्स" म्हणजे काय?

खरी फसगत होते ती येथे. पेट्रोलियमपासून कारखान्यात केलेल्या कृत्रिम रबराच्या द्रवालाही लॅटेक्सच म्हणतात. म्हणजे "शंभर टक्के लॅटेक्स" अशी चिठ्ठी खोटी नसते, तरी त्या गादीत झाडाचे रबर थोडेच असू शकते. म्हणून दुकानदाराला सरळ विचारावे : नैसर्गिक रबर किती टक्के? आणि ते उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. मिश्र गादी टाकाऊ नव्हे, पण तिला नैसर्गिक रबराचा भाव देऊ नये.

दुसरी गोष्ट, खोळीची चेन उघडून गादीची कड पाहावी. कित्येकदा वर दोन इंच लॅटेक्स आणि खाली साधा फोम किंवा काथ्या असतो. तेही चालेल, पण आपण कशाचे पैसे देतो ते कळले पाहिजे.

तिसरी कसोटी वजनाची. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि सहा इंच जाड अशी सबंध लॅटेक्सची गादी साधारण सतरा ते बावीस किलो भरते. त्याच मापाची साध्या फोमची गादी आठ-दहा किलोच भरेल. मात्र वजन वाढवण्यासाठी काही वेळा खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. तेव्हा गादी मुठीने दाबून पाहावी. चांगले रबर हात काढताच वर येते. कड बोटाने चोळली असता पूड सुटली तर तो माल सोडून द्यावा.

कडक की मऊ?

कंबर दुखते म्हटले की फळीवर झोपण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात. परंतु 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली स्पेनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देऊन ९० दिवसांनी तपासले. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले होते. तेव्हा दगडासारखी नको आणि अंग रुतेल अशीही नको.

दुकानात गादीवर नुसते बसून पाहू नये. लाज न धरता दहा-पंधरा मिनिटे आपल्या सवयीच्या कुशीवर पडून राहावे. खांदा व कमरेचे हाड थोडे आत जावे आणि पाठीचा कणा सरळ राहावा. अंगाने भारी माणसाला जरा कडक, सडपातळ माणसाला जरा मऊ गादी मानवते. ज्याच्यासाठी गादी घ्यायची त्यालाच बरोबर न्यावे.

वृद्धांच्या बाबतीत उंचीकडे लक्ष द्यावे. आपल्या घरांतले जुने शिसवी पलंग आधीच उंच असतात. त्यावर आठ इंची गादी घातली की पाय जमिनीला टेकत नाहीत आणि रात्री उठताना तोल जातो. काठावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. तशी टेकत नसतील तर चार इंची गादीच बरी. नवारीच्या खाटेवर किंवा सुंभाच्या बाजेवर लॅटेक्स घालू नये, ती मध्ये झोळीसारखी बसते. खाली सपाट फळी किंवा जवळजवळ बसवलेल्या पट्ट्या हव्यात.

उन्हात घालू नका

कापसाची गादी आपण अंगणात वाळवतो, ते योग्यच आहे. लॅटेक्सचे नेमके उलटे. उन्हाने रबर पिवळे पडते, ठिसूळ होते आणि त्याचा भुगा होतो. ही गादी सावलीत, वाऱ्याला उभी करावी. पावसाळ्यात ती जमिनीवर पसरू नये, खालून दमट होऊन बुरशी धरते. आंगाला तेल चोळण्याची सवय असेल तर वर जाड चादर घालावी, कारण तेलाने रबर फुगते व कुजते. दम्याच्या रुग्णांनी हेही ध्यानात ठेवावे की धुळीतले सूक्ष्म किडे चादरीत राहतातच. चादरी आठवड्याला कढत पाण्यात धुवाव्या लागतात, गादी कितीही महाग असो.

कोणी विचार करूनच घ्यावी?

रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा धाप लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इस्पितळात परिचारिकेचे काम करणाऱ्या भगिनींना हा त्रास अधिक संभवतो. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या मऊ गादीवर निजवू नये. त्याला सपाट, घट्ट अंथरूण द्यावे आणि उताणे निजवावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला गादीचा आधार होतो, पण दर दोन तासांनी कूस बदलण्याला ती पर्याय नव्हे. ते केले नाही तर उत्तम गादीवरही पाठीला जखमा होतात. कंबरदुखीबरोबर पायाला बधिरपणा, ताप किंवा लघवीवरचा ताबा सुटणे अशी लक्षणे असतील तर गादीच्या दुकानात न जाता तडक डॉक्टरांकडे जावे.

आणि शेवटी पैशाची गोष्ट. कर्ज काढून लॅटेक्स घेण्याची कोणालाही गरज नाही. चांगली रबर लावलेली काथ्याची गादी आणि तिच्यावर पिंजलेल्या कापसाची पातळ गादी पुष्कळ कुटुंबांना वर्षानुवर्षे पुरते. ऐपत असेल आणि घरात म्हातारी माणसे असतील, तर चार-सहा इंची, मध्यम कडक, नैसर्गिक रबराचे प्रमाण लेखी दिलेली गादी निवडावी. हमीपत्र घेताना गादी किती इंच बसली म्हणजे बदलून मिळते, ते वाचून मगच पैसे द्यावेत. ते कागद पावतीसह जपून ठेवावेत.