नांगराखालचे गाव: न्यू फिलाडेल्फिया

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, पाइक काउंटीत, न्यू फिलाडेल्फियाच्या जागी मूळ वस्तीतले एकही घर आज उभे नाही. पण १८३६ मध्ये इथे ४२ एकरांवर १४४ भूखंड आखले गेले. त्यांची सरकारदरबारी नोंद करणारा फ्रँक मॅकवर्टर जन्माने गुलाम होता. यादवी युद्धापूर्वी कृष्णवर्णीयाने आखून रीतसर नोंदवलेले हे अमेरिकेतले पहिले गाव मानतात.

मालकाचे काम उरकल्यावर फ्रँक केंटकीत सोरा तयार करून विकायचा. १८१२च्या युद्धात बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याला मागणी होती. साठवलेल्या पैशातून १८१७ मध्ये त्याने ८०० डॉलर मोजून आधी पत्नी लूसीला सोडवले. ती गरोदर होती आणि गुलाम आईचे मूल गुलामच ठरे. दोन वर्षांनी तेवढ्याच रकमेत त्याने स्वतःची सुटका करून घेतली. पुढे इलिनॉयला आल्यावर भूखंडविक्रीचा पैसाही आप्तांना सोडवण्यात गेला. त्याच्या हयातीत आणि मृत्युपत्रातल्या तजविजीने मिळून, त्याच्यासह १६ जण मुक्त झाले.

गावात काळे-गोरे शेजारी राहत. १८६९ मध्ये रेल्वे गावाला वळसा घालून उत्तरेकडून गेली, तशी वस्ती ओसरली आणि जागेवर नांगर फिरला.

तीच नांगरट पुरातत्त्वज्ञांच्या कामी आली. २००२ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचे पॉल शॅकेल आणि सहकाऱ्यांनी शेत पायी पालथे घातले. वर आलेली खापरे, काचा, खिळे जिथे दाट, तिथे खाली घर असणार. २००४ पासून विद्यार्थ्यांची उन्हाळी उत्खननशाळा सुरू झाली: पाच आठवडे शेतात, पाच प्रयोगशाळेत. पाच फुटी चौकोन आखायचा, थापीने माती थराथराने खरवडायची, चाळायची, निघालेल्या वस्तूची जागा टिपायची. मातीचा रंग बदलला की हात थांबवायचा, कारण तिथे तळघराचा बुजलेला खड्डा असू शकतो. मग वस्तू धुणे, वर्गवारी, हाडांवरून जेवणाचा अंदाज.

यातून दिसले ते महत्त्वाचे आहे. काळ्या आणि गोऱ्या घरांतली भांडीकुंडी बरीचशी सारखीच निघाली. पण सारख्या ताटाचा अर्थ सारखे हक्क असा नव्हे. त्याच राज्यात काळ्यांना मतदानाचा हक्क नव्हता, गोऱ्यांविरुद्ध साक्ष देता येत नव्हती. फ्रँकला आडनावासाठी १८३७ मध्ये विधिमंडळाकडे जावे लागले. माती ताट दाखवते, कायदा दाखवत नाही. म्हणून विद्यार्थ्याने खापर आणि दफ्तर दोन्ही वाचायला शिकले पाहिजे. माझ्या मते या शाळेचा खरा धडा तोच.

जमिनीत दडलेल्या याच पुराव्याच्या बळावर ही जागा २००५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आली, २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. रेल्वेने टाळलेल्या गावाला विद्यार्थ्यांच्या कष्टांनी पुन्हा देशाच्या नकाशावर आणले.