गालिचा-स्वच्छतेची कंत्राटे : स्पर्धा, किंमत आणि गुणवत्ता

बाजारातील बहुतेक वस्तू ग्राहक पारखून घेतो. धान्याची मूठ तो तळहातावर घेऊन पाहतो, कापडाचा पोत दोन बोटांत धरून अजमावतो. स्वच्छता ही मात्र विकत घेतली जाणारी गोष्ट असूनही अशी पारखता येत नाही. कारण कंत्राट ज्या दिवशी दिले जाते त्या दिवशी ती अस्तित्वातच आलेली नसते. ग्राहकापुढे असतात ती केवळ आश्वासने आणि त्यांपुढे लिहिलेले आकडे. आश्वासने सर्वांची सारखीच असल्यामुळे निवड आकड्यांवर होते, व ज्याचा आकडा सर्वांत लहान त्याला काम मिळते. या रीतीने कंत्राट जिंकणारा नेमके काय जिंकतो, आणि त्याची किंमत अखेर कोण मोजतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी गालिच्यांच्या व्यावसायिक स्वच्छतेचे उदाहरण घेतले आहे.

हा व्यवसाय केवळ महानगरांचा आहे अशी एक समजूत आढळते. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूरसारख्या गावाचा विचार केला असता ती टिकत नाही. अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे आणि श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळे हे गाव महाराष्ट्रभर परिचित आहे. पंढरपूरच्या वाटेवरील अशा गावी मंगल कार्यालय, बँकेची शाखा, दवाखाना, सहकारी संस्थेचे सभागृह, रस्त्यालगतचे निवासगृह हे सर्व या सेवेचे संभाव्य ग्राहक होत. पूर्वी जेथे जाजम आणि सतरंजी असे, तेथे आता यंत्रावर विणलेला गालिचा आला आहे. जाजम झटकता येते, उन्हात टाकता येते. जमिनीला चिकटवलेला गालिचा उचलता येत नाही. येथूनच धुण्याचे काम घरच्या माणसांकडून कंत्राटदाराकडे जाते.

गालिच्यातील मळाचे स्वरूप प्रथम लक्षात घेतले पाहिजे. त्याचा फार मोठा भाग कोरड्या धुळीचा व वाळूच्या बारीक कणांचा असतो. हे कण तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतात आणि पाऊल पडेल तसतसे तंतू कातरत राहतात. म्हणून शास्त्रशुद्ध कामात पहिली पायरी पाण्याची नसून शोषणयंत्राने धूळ काढण्याची असते. त्यानंतर डागांवर स्वतंत्र उपचार, मग गरम पाणी सोडून ते लगेच ओढून घेणाऱ्या यंत्राने धुणे, आणि शेवटी वाळवणे असा क्रम येतो. पहिली पायरी गाळली तर धुळीचा चिखल होतो. शेवटची पायरी घाईत उरकली तर एक-दोन दिवसांत कुबट वास येऊ लागतो, बुरशीला वाव मिळतो, आणि गालिच्याची पाठ तागाची असेल तर पृष्ठभागावर तपकिरी छटा उमटते. साबणाचा अंश तंतूंत राहिला तर तो पुढची धूळ अधिक वेगाने धरून ठेवतो. महत्त्वाची गोष्ट ही की, यांपैकी कोणताही दोष काम संपल्या संपल्या दिसत नाही. ओला, सुवासिक गालिचा त्या क्षणी स्वच्छच भासतो. देयक मंजूर होते आणि दोष मागाहून प्रकट होतो.

जेथे विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते, तेथे चांगला माल बाजारातून हटू लागतो, हे विवेचन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या उदाहरणावरून केले. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना या विषयातील कार्याबद्दल दोघा सहकाऱ्यांसह विभागून मिळाले. त्यांचे तर्कसूत्र गालिच्यांना तंतोतंत लागू पडते. चारही पायऱ्या पाळणारा आणि दोन पायऱ्या गाळणारा, असे दोघे कंत्राटदार एकाच निविदेत उतरले, आणि ग्राहकाला त्यांच्यातील भेद ओळखता आला नाही, तर पहिल्याचा अधिक खर्च हाच त्याचा दोष ठरतो. काही काळाने तो एकतर पायऱ्या गाळू लागतो किंवा व्यवसाय सोडतो.

आता खर्चाची घडण पाहू. स्वच्छतेच्या सेवेत सर्वांत मोठा खर्च श्रमाचा असतो. समजा, एखाद्या सभागृहाच्या कामात किमान वेतनाच्या दराने होणारी मजुरी १०० रुपये आहे. भविष्यनिर्वाह निधी, त्यास जोडलेला विमा व प्रशासकीय आकार मिळून मालकाचा अंश १३ रुपये, राज्य विमा योजनेचा ३.२५ रुपये आणि किमान बोनस ८.३३ रुपये धरला, तर श्रमाचा खरा खर्च १२४.५८ रुपये होतो. यंत्रांची झीज, रसायने आणि वाहतूक यांसाठी २० रुपये मिळवले की बेरीज १४४.५८ होते. व्यवस्थापन आणि नफा यांसाठी अवघे ७ रुपये ठेवले तरी प्रामाणिक निविदा १५१.५८ रुपयांची होईल. याच कामासाठी प्रतिस्पर्ध्याने १३० रुपयांची निविदा भरली, तर नफा शून्य मानूनही त्याच्यापाशी श्रमासाठी ११० रुपयेच उरतात. तुटीचे १४.५८ रुपये कोठून तरी यावेच लागतात. ते मजुरीतून वा निधीच्या भरण्यातून कापले जातील, चार माणसांच्या जागी तीन लावली जातील, किंवा रसायन पातळ करून धुण्याची एखादी पायरी गाळली जाईल. पहिल्या दोन मार्गांचा भार कामगार सोसतो, तिसऱ्याचा गालिचा सोसतो. ज्याने काम स्वस्तात मिळवले असे मानले गेले, त्या ग्राहकाने वस्तुतः आपला खर्च दुसऱ्यावर ढकललेला असतो.

कायद्याने या घसरणीला आळा घालण्याचा प्रयत्न केला आहे. १९४८ चा किमान वेतन अधिनियम आणि १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम यांची जागा आता अनुक्रमे २०१९ ची वेतन संहिता आणि २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता यांनी घेतली असून, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या आहेत. कंत्राटदाराने वेतन चुकविले तर त्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्या मूळ आस्थापनेवर येते, हे जुन्या कायद्यातील तत्त्व नव्या व्यवस्थेतही कायम आहे. तथापि वेतनाचा दर निश्चित झाल्याने स्पर्धा थांबत नाही. ती उरलेल्या फटीत शिरते. वेतन सर्वांना सारखेच द्यावयाचे असेल तर निविदाकार आपल्या सेवाशुल्कावर झगडू लागतात, आणि ते शून्यापर्यंत खाली आणतात. म्हणूनच केंद्र शासनाच्या अर्थ मंत्रालयाला २०१४ साली असा आदेश काढावा लागला की, शून्य शुल्क दर्शविणारी निविदा प्रतिसादहीन समजून विचारात घेऊ नये. पण त्या आदेशाने शून्याला बंदी घातली तरी शून्याशेजारच्या अपूर्णांकाला ती घातली नाही. काहीच न मिळवता काम करू इच्छिणारा माणूस परोपकारी असण्याचा संभव अल्प आहे. त्याची मिळकत निविदेत न दिसणाऱ्या ठिकाणी असते.

अप्रामाणिकपणा नसतानाही हा अपघात घडू शकतो, हे येथे नमूद केले पाहिजे. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून असे दाखविले की, अनेक बोलीदारांत ज्याचा अंदाज सर्वांत जास्त फुगलेला असतो तोच जिंकतो आणि म्हणून तोच तोट्यात जातो. या घटनेला ‘विजेत्याचा शाप’ असे म्हणतात. निविदेत दिशा तेवढी उलटते: खर्चाचा अंदाज ज्याने सर्वांत कमी केला तो जिंकतो. जागा न पाहता चौरस फुटांचा दर लिहिणाऱ्या होतकरू कंत्राटदाराला हा शाप हमखास बाधतो.

येथे आणखी एक वस्तुस्थिती विचारात घ्यावी लागते. स्वच्छतेचे कंत्राट एकाकडून दुसऱ्याकडे गेले तरी झाडणारी, पुसणारी माणसे पुष्कळदा तीच राहतात. बदलते ते फक्त त्यांच्या हजेरीपटावरील नाव. कंत्राटदार बदलल्याने कौशल्य बदलत नसेल, तर ती स्पर्धा सेवेची नसून मधल्या वाट्याची ठरते. खरी स्पर्धा तेव्हाच होते, जेव्हा नवा कंत्राटदार त्याच माणसांच्या हाती अधिक चांगले यंत्र, अधिक चांगले प्रशिक्षण आणि कामाची अधिक नेटकी आखणी देतो.

हे शक्य असते याचे महाराष्ट्रातील एक सुपरिचित उदाहरण भारत विकास ग्रुप, म्हणजेच बीव्हीजी, या संस्थेचे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड हे टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, या कंपनीत अभियंता होते. १९९७ साली त्याच कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात त्यांनी आठ कामगारांसह स्वच्छतेचे काम सुरू केले. पुढे या संस्थेकडे दिल्लीच्या संसद भवनाच्या यांत्रिक स्वच्छतेचे कामही आले. या वाटचालीत अभ्यासकाने टिपण्याजोगा मुद्दा पहिल्या कंत्राटाचा आहे. काम मागणारा मनुष्य काम देणाऱ्याला आधीपासून ठाऊक होता. त्याचे काम त्या आवारात पूर्वीच पाहिले गेले होते. अकरलॉफ यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, दोघांमधील माहितीची दरी येथे मुळातच अरुंद होती.

ज्याच्यापाशी अशी पूर्वओळख नाही त्याने ती दरी अन्य उपायांनी बुजविली पाहिजे. पहिला उपाय निविदेपूर्वीच्या पाहणीचा. वेळापूरच्या एखाद्या मंगल कार्यालयाचे काम घ्यावयाचे असेल, तर गालिचा लोकरीचा आहे की कृत्रिम धाग्याचा, रंग पाण्यात सुटतो काय, पाणी कूपनलिकेचे व जड आहे काय, वीज पुरेशी आहे काय, आणि लग्नसराईत सभागृह सलग किती तास मोकळे मिळते, हे सर्व प्रत्यक्ष पाहून लिहून काढावे लागते. दुसरा उपाय नमुन्याचा. गालिच्याचा हातभर तुकडा, तोही सर्वांत मळलेला, ग्राहकासमक्ष धुऊन दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी तो वाळल्यावर पुन्हा पाहावयास सांगावे. तिसरा उपाय ऋतुमानाच्या आखणीचा. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात गालिचा लवकर वाळतो. आषाढी वारीचा काळ मात्र पावसाळी हवेचा असतो, आणि धूळ व चिखल यांचा भारही तेव्हाच सर्वाधिक असतो. वारीपूर्वी गालिच्यांवर आच्छादन घालणे, प्रवेशद्वाराशी मोठी पायपुसणी टाकणे आणि वारीनंतर पंखे लावून वाळवण्यासह संपूर्ण धुलाई करणे, अशी वर्षाची आखणी जो सादर करतो तो ग्राहकाला दर कमी न करताही पैसे वाचवून देतो. कारण गालिच्याचे आयुष्य वाढते. चौथा उपाय खर्चाचा तपशील उघड करण्याचा. मजुरी, निधी, विमा, साहित्य व नफा ही बाबवार मांडणी ग्राहकाच्या हाती दिली की, प्रतिस्पर्ध्याच्या १३० रुपयांत काय नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ग्राहकाचीही जबाबदारी यात आहे. तांत्रिक आणि आर्थिक असे दोन लिफाफे मागविण्याची पद्धती शासकीय व्यवहारात रूढ आहे. पण तांत्रिक लिफाफ्यात केवळ नोंदणीची प्रमाणपत्रे मागितली तर ती पद्धती उपचारापुरती राहते. अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी सल्लागारीखेरीजच्या सेवांतही, विहित अटींवर, गुणवत्तेला कमाल ३० टक्के भार देण्याची मोकळीक दिली आहे. ही मोकळीक सार्थ व्हावयाची तर स्वच्छतेची व्याख्या मोजता येईल अशा शब्दांत हवी: धूळशोषण आठवड्यातून किती वेळा, धुलाई वर्षातून किती वेळा, वाळण्यास अधिकात अधिक किती तास, तक्रारीची दखल किती अवधीत, आणि वेतन बँकेत जमा झाल्याचा पुरावा दर महिन्यास. देयकाचा काही अंश धुलाईनंतर आठ दिवसांच्या पाहणीपर्यंत राखून ठेवला तर मागाहून दिसणारे दोषही हिशोबात येतात.

तात्पर्य, स्पर्धा ही स्वतः वाईट नाही. ती कोणत्या गोष्टीवर चालते यावर तिचे फळ अवलंबून असते. जी गोष्ट मोजली जाते तिच्यावर स्पर्धक झगडतात. केवळ किंमत मोजली तर किंमत घसरते, आणि तिच्यासोबत हजेरीपटावरील सर्वांत दुबळ्या माणसाचे वेतनही घसरते. स्वच्छता मोजली तर स्पर्धा स्वच्छतेवर होते. प्रतिस्पर्ध्यावर मात करू इच्छिणाऱ्या कंत्राटदाराचे पहिले कार्य म्हणूनच दर उतरविणे हे नसून, ग्राहकाला मोजमाप शिकविणे हे आहे.